झिजलेला मीटर कुणाच्या बाजूचा?

पेट्रोल पंपाचा मीटर जुना झाला की तो गिऱ्हाइकाला कमी माल देतो, ही समजूत इतकी पक्की आहे की तिला हात लावायला जावं तर माणसं आपल्यालाच पंपमालकाचा हस्तक समजतात. लग्नात, बारशात, कुठंही जेवणाच्या पंगतीत मी पंपदुरुस्तीच्या लाइनीत होतो असं कळलं की शेजारचा पान बाजूला सारतो, आवाज बारीक करतो आणि विचारतो, "खरं सांगा, मारतात ना?" मारणारे मारतात, त्याचं पुढे सांगेन. पण मीटर स्वतःहून मारत नाही. उलट जसजसा तो झिजतो तसतसा जास्त देत जातो. झिजलेला मीटर गिऱ्हाइकाच्या बाजूचा असतो आणि मालकाच्या मुळावर उठलेला असतो. हे पटवून देता देता माझा वरणभात बऱ्याचदा थंड झाला आहे.

माझं सगळं काम सातारा, कराड, सांगली या पट्ट्यातलं. महामार्गावरचे रात्रंदिवस चालणारे मोठे पंप, आणि आत ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरवाल्यांच्या भरवशावर चालणारे दोन नोझलचे लहान पंप. देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एका एजन्सीत मी होतो. गाडीवर मागे हत्यारांची पेटी आणि तिच्याशेजारी कापडात गुंडाळलेलं पाच लिटरचं माप, एवढा संसार.

डिस्पेन्सरचा खालचा पत्रा काढला की मोटर आणि पंप दिसतो, त्याला लागून हवा वेगळी करणारं भांडं, आणि त्याच्या वर मीटर. मीटर म्हणजे ओतीव धातूचा एक जड डबा. बाहेरून त्यात बघण्यासारखं काही नाही. आत अधिकच्या चिन्हासारखे मांडलेले चार सिलिंडर, त्यांत समोरासमोर जोडीनं बसवलेले पिस्टन, आणि मधोमध एक उभा दांडा. पंपानं ढकललेलं तेल एका सिलिंडरात शिरतं आणि पिस्टनला मागं रेटतं. जोडीचा समोरचा पिस्टन त्याच वेळी आपल्या सिलिंडरात आधीच भरलेलं तेल नोझलच्या दिशेनं बाहेर काढतो. या ये-जा करण्यानं दांडा फिरतो, आणि दांड्यावरची फिरती झडप पुढच्या सिलिंडरचं तोंड उघडते. मीटरला वेगळी मोटर नसते. मोजला जाणारा मालच त्याला चालवतो. आमच्याकडच्या बऱ्याच मीटरांत दांड्याचा एक फेरा म्हणजे अर्धा लिटर.

हे काम गवळ्यासारखं आहे. गवळी दूध किती जोरात ओततो याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. त्यानं माप किती वेळा भरलं आणि किती वेळा रितं केलं, एवढंच मोजायचं. घरच्या नळाला जो पाण्याचा मीटर असतो तो बहुधा या जातीचा नसतो. त्यात पंखा असतो, पाण्याच्या धारेनं तो फिरतो आणि फेऱ्यांवरून पाण्याचा अंदाज निघतो. पंपातला मीटर अंदाज करत नाही, तो प्रत्यक्ष माप भरून पुढं देतो. म्हणून विकत देण्याघेण्याच्या तेलाला तो इतकी वर्षं टिकून राहिला.

आता गोम. पिस्टनच्या टोकाला कप असतात, पूर्वी कातडी असायचे, पुढे टेफ्लॉनचे आले. हे कप सिलिंडरच्या भिंतीला घासत सरकतात. घासणारी वस्तू अगदी घट्ट बसवली तर ती सरकणार नाही. सैल ठेवली तर बाजूनं तेल निसटणार. कितीही नवा मीटर घ्या, थोडं तेल मापात न शिरता कपाच्या कडेनं आणि झडपेच्या खालून पुढं जातंच. आम्ही त्याला स्लिप म्हणतो. ते निसटलेलं तेल मोजलं जात नाही, पण नोझलमधून गिऱ्हाइकाच्या टाकीत मात्र पडतं. म्हणजे फुकट. कप झिजले की ही वाट रुंदावते. पडद्यावर पाच लिटर दिसतात आणि मापात पाच लिटर चाळीस मिलिलिटर येतं.

चाळीस मिलिलिटर म्हणजे किती, तर चहाच्या टपरीवरच्या कटिंगहूनही कमी. पण रोज ५,००० लिटर डिझेल विकणाऱ्या पंपावर त्याचे दिवसाला ४० लिटर होतात. नव्वद रुपये लिटर धरलं तरी रोज ३,६०० रुपये रस्त्यावरच्या गाड्यांतून निघून गेले. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

कराडच्या बाजूला असाच एक पंप होता. नवऱ्यामागं बाई स्वतः गल्ल्यावर बसायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणायचो. हिशेबाला अशा कडक की रोज सकाळी स्वतः उभं राहून टाकीत दांडी बुडवून घ्यायच्या. दांडीनं टाकीतला साठा कळतो. कालचा साठा, त्यात आलेला टँकर, त्यातून मीटरवरची विक्री वजा, की आजचा साठा यायला हवा. पेट्रोलचा हा मेळ महिनाभर बसत नव्हता. त्यांचा संशय रात्रपाळीच्या पोरावर. पोरगं मिरजेकडचं, विशीतलं. त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवायचं ठरलंच होतं. मी पोचलो तर तो तोंड पाडून हवेच्या नळीपाशी उभा.

"दादा, तुम्ही मशीन बघून घ्या, माणसाचं मी बघते," ताई म्हणाल्या.

पेट्रोल घटण्याची वाट एक नसते. तापमान हा पहिला संशयित. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं किंवा आकसतं, किंचित जास्तच. १२,००० लिटरचा टँकर भर उन्हात भरून आला आणि जमिनीखालच्या टाकीत दहा अंशांनी निवला, तर सव्वाशे-दीडशे लिटर कागदावरून गायब होतात आणि चोर कुणीच नसतो. म्हणून तेलाच्या धंद्यात डेपोपासून पंपापर्यंत घनता १५ अंशांवर आणून लिहायची पद्धत आहे. ताईंच्या वहीत ही वजाबाकी चोख होती. वाफ होऊन उडालेलंही धरलेलं होतं. तरी घट उरत होती, आणि ती विक्रीच्या प्रमाणात वाढत होती. रविवारी जास्त, सोमवारी कमी. चोर सहसा विक्रीच्या टक्क्यानं चोरत नाही. वहीच्या त्या पानावरच मला मीटर दिसला होता, पण माप लावल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त.

माप लावण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या कामाचा जीव तिथं आहे. पाच लिटरचं माप म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळत्या गळ्याचं धातूचं भांडं. गळ्यापाशी काच आणि तिच्या बाजूला मिलिलिटरच्या खुणा. गळा बारीक असतो तो मुद्दाम. रुंद तोंडाच्या बादलीत वीस मिलिलिटरनं पातळी केसभरही हलत नाही, बारीक गळ्यात ती बोटभर चढते. हे भांडं दरेक पंपावर ठेवावंच लागतं आणि त्यावर वैधमापन खात्याचा ठसा लागतो. खात्याला आमच्या लाइनीत अजून वजनमापेवालेच म्हणतात. मापाला पोचा आलेला नाही ना, हे आधी बोटांनी चाचपायचं. पोचा आलेल्या मापात माल कमी मावतो, म्हणून पातळी वर चढते आणि कमी देणारा पंपही उदार दिसतो. असं एक माप मी एका पंपाच्या कोठीत पाहिलं होतं. त्याला नेमकं पोटातच पोचा कसा आला, ते तिथल्या कुणालाच सांगता येईना.

कोरड्या मापात मोजायचं नाही. एकदा भरून ओतून ते आतून ओलं करायचं. ओतताना पालथं धरायचं, धार तुटली की त्यानंतर तीस सेकंद निथळू द्यायचं, मग सरळ करायचं. भांड्याच्या भिंतीला जो ओला थर राहतो तो दर वेळी सारखाच राहावा म्हणून हा खटाटोप. मग भांडं सपाट जागी ठेवायचं. पंपाच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, तेव्हा सपाट जागा शोधावी लागते. नोझल मापात धरून पडद्यावर बरोबर ५.०० येईपर्यंत भरायचं. डिझेलला फेस येतो. तो बसेपर्यंत थांबायचं. लोकांना या थांबण्याचा राग येतो. मागं रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात. मग गुडघ्यावर बसून डोळा काचेच्या पातळीला आणायचा आणि पेट्रोलचा जो खोलगट पृष्ठभाग दिसतो त्याची खालची कड वाचायची. वरून उभ्यानं वाचलं की दहा मिलिलिटरची लबाडी आपला डोळाच करतो. हे सगळं तीनदा. एका मापावर निकाल देणारा निरीक्षक मी पाहिलेला नाही, आणि देऊही नये.

कायद्यानं पाच लिटरमागं २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, कमी असो वा जास्त. ताईंच्या एका पेट्रोल नोझलचा फरक जास्तीकडे ४५ निघाला. दुसऱ्यांदा तेवढाच. मग मी नोझलची मूठ पहिल्या खाचेत अडकवून बारीक धारेनं पाच लिटर काढलं. फरक साठच्या पुढं गेला.

बारीक धारेची ही युक्ती मला माझ्या वस्तादांनी शिकवली. स्लिप बरीचशी वेळेच्या हिशेबानं चालते, लिटरच्या नव्हे. मिनिटाला चाळीस लिटरच्या धारेनं पाच लिटर साडेसात सेकंदांत पडतं. मिनिटाला पाच लिटरच्या धारेनं पूर्ण मिनिट लागतं. त्या मिनिटभरात फटीतून निसटायला तेलाला आठपट वेळ मिळतो. चांगल्या मीटरमध्ये जोरात आणि हळू यांत फारसं अंतर पडत नाही. झिजलेल्यात ते उघडं पडतं. म्हणून दोन्ही धारांनी मोजल्याशिवाय मीटरची प्रकृती कळत नाही. "हळू सोड रे, जोरात सोडलं की कमी येतं" असं पोरांना दटावणारे काका तुम्ही पाहिले असतील. ते ज्या कारणानं म्हणतात ते चूक आहे, पण मीटर पुरेसा म्हातारा असेल तर त्यांना दोन थेंब जास्त मिळतातही.

ताईंना मी आकडे सांगितले. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग त्या पोराला हाक मारून म्हणाल्या, "चहा सांग तिघांना." दिलगिरी वगैरे काही नाही, पण तिघांत तो धरलेला होता.

पुढचं काम कागदाचं. मीटरला शिशाचं सील असतं, तारेत ओवलेलं, त्यावर वर्षाचा आणि तिमाहीच्या अक्षराचा ठसा. ते तोडायचं म्हणजे परवानाधारक दुरुस्तीवालाच हवा, खात्याला कळवावं लागतं, आणि दुरुस्तीनंतर निरीक्षकानं येऊन पुन्हा तपासून ठसा मारेपर्यंत ते नोझल बंद. २००९चा वैधमापन कायदा २०११च्या एप्रिलपासून लागू झाला, त्याच्या आधीचा १९७६चा होता. सीलाचा धाक दोन्हींत तोच. मीटर उघडला तेव्हा कप पातळ झालेले दिसले, आणि एका सिलिंडरच्या भिंतीवर उभा ओरखडा होता. नखाला लागेल इतका. मीटरच्या आधीची जाळी एका कडेला फाटली होती आणि पाइपातला गंजाचा कण आत शिरला होता. सगळं रामायण त्या कणाचं.

चार सिलिंडरांपैकी एकाच्या तोंडाशी भोकं असलेलं एक चाक असतं. ते फिरवलं की त्या पिस्टनची धाव कमीजास्त होते, म्हणजे फेऱ्याला अर्ध्या लिटरपेक्षा जरा जास्त किंवा जरा कमी. कॅलिब्रेशन म्हणतात ते मुख्यतः या चाकाचं काम. ४५ जास्त येतंय, चाक चार भोकं फिरवा, शून्यावर आणा, बिल करा आणि चालू लागा, हा सोपा मार्ग. आमच्या धंद्यात तो पुष्कळांनी चोखाळला. मला तो कधी पटला नाही. झिजलेल्या कपांची गळती धारेप्रमाणे बदलते, उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे बदलते. जोराच्या धारेला चाकानं बरोबर केलं की बारीक धारेला पुन्हा चूकच राहते. शिवाय झीज थांबत नाही. चाक म्हणजे नव्या मीटरमधला उरलासुरला फरक काढायची सोय आहे, दुखणं झाकायची नव्हे. आधी कप बदला, जाळी बदला, ओरखडा फार असेल तर सिलिंडर बदला, मग चाकाला हात लावा. ताईंचं नोझल कप आणि सिलिंडर बदलल्यावर चाक न फिरवताच आठ मिलिलिटरच्या आत आलं.

पेट्रोलला हा त्रास डिझेलपेक्षा जास्त, कारण पेट्रोल पातळ. पातळ तेलाला बारीक फटही पुरते. डिझेलवर शून्याला लावलेला मीटर तसाच उचलून पेट्रोलला जोडला की तो जास्त देऊ लागतो. त्यामुळे मीटर ज्या तेलाला वापरायचा त्याच तेलावर लावायचा, हा नियम मोडून चालत नाही.

या नियमाची दुसरी बाजू मला एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत दिसली. मोलॅसिस, म्हणजे मळी, टाकीतून फर्मेंटरला जाते, त्या लाइनीवर मीटर होता. पिस्टनचा नाही, दोन लंबगोल दातेरी चाकांचा. चाकं एकमेकांत गुंतून फिरतात आणि चाक व डबा यांच्या मधल्या चंद्रकोरीएवढ्या जागेत दर फेऱ्याला ठरावीक माल पुढं सरकतो. तत्त्व तेच. तिथल्या केमिस्टची तक्रार अशी की मीटरप्रमाणे जेवढी मळी वापरली त्या मानानं अल्कोहोल कमी उतरतंय. मळीचा हिशेब राज्य उत्पादन शुल्काच्या वहीत द्यावा लागतो, त्यामुळे साहेबाची झोप उडाली होती. तिथं पाच लिटरचं माप काय कामाचं? मळी मापात ओतली तर निथळायला संध्याकाळ होईल. मग रिकामा टँकर वजनकाट्यावर घेतला, मीटरमधून त्यात मळी भरली आणि पुन्हा काट्यावर नेला. १०,००० किलोच्या आसपास माल. घनता १.४ धरली तर सव्वासात हजारांच्या आत, ७,१४०च्या जवळ लिटर यायला हवेत. मीटर त्यापेक्षा जास्त दाखवत होता.

कारणं दोन निघाली. मीटर कारखान्यात पाण्यावर लावून आलेला. पाणी निसटतं, त्या निसटण्याची भरपाई मीटरच्या आकड्यात आधीच घातलेली. मळी काकवीसारखी दाट, ती त्या फटीतून निसटतच नाही. म्हणजे भरपाई मिळतेय, नुकसान मात्र नाही. दुसरं कारण फेस. पंपाच्या ग्लँडमधून हवा ओढली जात होती आणि मळीबरोबर तीही मीटरमधून जात होती.

हवा हा या जातीच्या मीटरचा खरा शत्रू. मीटरला काय मोजतोय ते कळत नाही. सिलिंडरात पेट्रोल आलं काय नि हवा आली काय, पिस्टन सरकला की फेरा धरला. झिजण्यानं गिऱ्हाइकाचा फायदा होतो, हवेनं मात्र सरळ तोटा. डिस्पेन्सरमध्ये म्हणूनच मीटरच्या आधी हवा वेगळी करणारं भांडं असतं. तेल त्यात जरा विसावतं, बुडबुडे वर येतात आणि वेगळ्या वाटेनं निघून जातात. टाकीपासून लांब असलेल्या नोझलची ओढणारी लाइन लांब, तिच्या एखाद्या जोडाची चुडी सैल झाली की तिथून हवा शिरते. थोडी असेल तर भांडं निभावून नेतं. जास्त झाली किंवा भांड्यातली हवेची वाट कचऱ्यानं तुंबली की बुडबुडे मीटरमध्ये जातात. जुन्या पंपांना नोझलच्या आधी काचेची कुपी असायची, तिच्यात ते स्पष्ट दिसायचे. खानापूर तालुक्यातल्या एका पंपावर पाच लिटरला साठ मिलिलिटर कमी येत होतं. मालकाचा आग्रह, चाक फिरवून द्या, उद्या तपासणी आहे. चाक फिरवून साठची भरपाई केली असती तर त्या दिवशी माप बरोबर आलं असतं. टाकी भरलेली असताना हवा कमी शिरते, टाकी उतरली की जास्त. म्हणजे परवा पुन्हा वेगळाच आकडा. आम्ही फरशी फोडून जोड शोधला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मारणाऱ्यांबद्दल. मीटरच्या दांड्यावर पल्सर बसवलेला असतो. दांडा फिरतो तसे तो विजेचे खटके पाठवतो. एका लिटरला शंभर खटके ही जुनी रीत, म्हणजे एक खटका दहा मिलिलिटरचा. वरचा इलेक्ट्रॉनिक डबा हे खटके मोजून लिटर आणि रुपये दाखवतो. लबाडी करायची ती मीटर आणि हा डबा यांच्या मध्ये. २०१७च्या एप्रिलमध्ये लखनौत पोलिसांनी पंपांवर छापे घातले तेव्हा तारेत लपवलेल्या चिपा सापडल्या, त्या वर्षी आपल्याकडे ठाणे पोलिसांनीही असे पंप पकडले. चिप जादा खटके घालते. मीटर बिचारा पाचशे मिलिलिटर मोजून देतोय आणि वरचा डबा पाचशे पंचवीसचे पैसे लावतोय. तपासणीला कुणी आलं की बटण दाबून चिप बंद. माझा राग या लोकांवर पैशांपेक्षा वेगळ्या कारणानं आहे. त्यांच्यामुळे लोकांचा संशय मीटरवर बसला, आणि त्या लबाडीत मीटरचा काही हात नव्हता.

त्यातून मग उपाय निघाले. शंभरचं नको, एकशे दहाचं टाका. मीटरला रुपये कळत नाहीत, फेरे कळतात. ज्याला चिप बसवायची त्यानं एकशे दहालाही बसवलेली असते. पहाटे भरा, पेट्रोल गार असतं, जास्त बसतं. टाकी जमिनीखाली, तिथलं तापमान पहाट-दुपारनं फारसं हलत नाही. पस्तीस लिटरच्या टाकीत सदतीस बसलं, ही तर नेहमीची तक्रार. गाडीच्या पुस्तकातला आकडा ही टाकीची खूण असते, तिच्या वर गळ्यापर्यंत जागा असते. टाकीनं पंप तपासू नये. त्यासाठी ते माप आहे.

आणि ते माप तरी खरं कशावरून? हा प्रश्न मला फार उशिरा पडला, कारण ठसा बघितला की आम्ही मान तुकवायचो. पंपावरचं माप निरीक्षकाच्या मापाशी ताडलेलं असतं, ते राज्याच्या प्रयोगशाळेतल्या वरच्या दर्जाच्या मापाशी, ते प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या संदर्भमापाशी, आणि त्यांच्या माथ्यावर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. पण वर वर जाताना एका पायरीवर लिटर सोडून वजनावर जावं लागतं. भांड्यात शुद्ध पाणी भरून ते तोलतात. वीस अंशांना पाच लिटर पाणी हवेत तोललं तर पाच किलो भरत नाही, ४ किलो ९८६ ग्रॅमच्या आसपास भरतं. उरलेले चौदा ग्रॅम पाण्याच्या त्या तापमानाच्या घनतेनं आणि हवेनं वर उचलून धरल्यानं जातात. मोठ्या मीटरांसाठी केरळात पालक्काडला फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिथं वाहतं पाणी ठरावीक वेळ टाकीकडे वळवतात आणि टाकी तोलतात. डिस्टिलरीत आम्ही टँकर काट्यावर नेला तो तरी काय होता? तेच, अडाणी पद्धतीनं.

मुंबई-पुण्याकडे ज्यांच्या ओट्याला पाइपाचा गॅस आला आहे त्यांच्या स्वयंपाकघरातही याच जातीचा मीटर भिंतीला टांगलेला असतो. पिस्टनच्या जागी आत लवचीक पडद्यांचे भाते असतात, ते आळीपाळीनं फुगतात आणि रिते होतात. कान लावला तर बारीक टिकटिक येते. कुणी लावत नाही.

हल्लीच्या डिस्पेन्सरांत चाक गेलं. फरक इलेक्ट्रॉनिक डब्यात आकड्यानं दुरुस्त करतात, कुणी कधी केला त्याची नोंद राहते. चांगलं आहे. पण आकडा बदलणं चाक फिरवण्याहून सोपं झालं, त्यामुळे कप न बदलता भागवायचा मोहही वाढला. पोरं लॅपटॉप उघडतात, मीटर उघडत नाहीत.

पंपावर माप मागायचा हक्क कुठल्याही गिऱ्हाइकाला आहे, आणि मागणारे कमी. वाठारच्या बाजूला एक म्हातारबाबा भेटले होते, ते मागायचे. मी तिथं दुसऱ्या कामाला गेलेलो. मालकानं मलाच पुढं केलं. मी माप ओलं केलं, निथळलं, भरलं. बाबा धोतर सावरून माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि काचेला नाक लावलं. बारा मिलिलिटर जास्त.

"म्हंजी मला जास्त आलं?"

"हो बाबा. बारा मिली."

"समद्यांनाच?"

"या नोझलवर सगळ्यांनाच."

बाबांनी रांगेतल्या गाड्यांकडे बघितलं, मग मालकाकडे. "शेठ, मीटर दाखवून घ्या. आसं वाटत सुटलासा तर पंप इकावा लागंल."

पोरगं मापातलं पेट्रोल टाकीत परत ओतायला निघालं तसे ते उठले. "आरं, ते कुठं निघालास? ते मोजलंय की माझ्यासाठी." त्याला समजावून सांगावं लागलं की तपासणीचा माल टाकीत परत जातो आणि रजिस्टरात टेस्टिंगच्या रकान्यात ५ लिटर लिहावे लागतात. लिहिलेलं त्यांनी वाचून घेतलं. मग गाडीत दोनशेचं टाकलं, पाचशेची नोट दिली, आणि परत आलेले तीनशे दोनदा मोजले.